एकशे एकवर कोणकोण आहे

अकराच्या सुमाराला नेट जायचं. एकदम मरायचं नाही, नुसतं आजाऱ्यासारखं करायचं. लॅबमधल्या पन्नास कॉम्प्युटरांपैकी पंधरा-वीस चालायचे, बाकीच्यांवर पांढरं पान यायचं, मधेच एखाद्यात जीव यायचा आणि पुन्हा जायचा. दारात स्टुलावर बसलेला रेवणसिद्धप्पा शिपाई खिडकीतून बाहेर बघून आधीच सांगायचा, "अक्का, प्रिन्सिपल साहेबाची गाडी आली. आता गेलंच बघा."

आणि जायचंच.

"साहेबाची नजर लागायलीय नेटला. मिरच्या ओवाळाव्या का?"

अंबिकेला हसू यायचं नाही. हे वर्ष दोन हजार अकराचं. आळंदच्या त्या कॉलेजला पहिल्यांदाच ऑनलाइन परीक्षेचं केंद्र मिळालं होतं आणि केंद्र होतं म्हणून तिची लॅबमधली हंगामी नोकरी होती. शनिवारी दुपारी बारा वाजता बंगळूरच्या कंपनीचा माणूस येऊन पन्नासही कॉम्प्युटर एकदम चालवून बघणार होता. चालले तर केंद्र इथंच राहील. नाही चालले तर ते गुलबर्ग्याला जाईल आणि अंबिकेनंही तिकडंच कामाला जायचं, असं प्रिन्सिपल गुरुशांतप्पांनी सरळ सांगितलं होतं. म्हणजे सकाळी सातची बस आणि संध्याकाळी साडेसातला घर.

तिचा माउली नऊ महिन्यांचा होता आणि बाटली तोंडाला लावू देत नव्हता. आता रोज एकच्या ठोक्याला सासू, पद्माबाई, त्याला पदराखाली घेऊन कॉलेजच्या पाण्याच्या टाकीपाशी कट्ट्यावर येऊन बसायची. तेवढ्या वीस मिनिटांवर अंबिकेचा सगळा दिवस टांगलेला असायचा. नवरा सिद्धू चाकणच्या कारखान्यात होता. तो फोनवर म्हणायचा, "सवय लाव की बाटलीची. कामून इतकी काळजी करायलीस?" काळजी कामून ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. झोपलेल्या लेकराच्या नाकापुढं बोट धरून श्वास लागतोय का बघणाऱ्या बाईला कारण विचारू नये.

कॉलेजात सगळे व्होल्टेजला दोष देत होते. अकराला सगळ्या खोल्यांतले पंखे सुरू होतात, म्हणून असं होतं. अंबिकेला ते पटत नव्हतं. ती गुलबर्ग्याहून बीसीए झालेली. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला एक नंबर असतो, गल्लीतल्या घराला असतो तसा. त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात आणि इथल्या गल्लीत एकपासून दोनशे चोपन्नपर्यंत घरं होती. एका नंबरावर दोन बिऱ्हाडं आली की टपाल कधी ह्याला, कधी त्याला. तिला संशय होता तो ह्याचाच. पण कोणत्या यंत्राला कोणता नंबर दिलाय, ह्याची वही कुणी ठेवलीच नव्हती. आला टेक्निशियन, दिला नंबर, प्याला चहा, गेला.

"सोपं आहे मॅडम," कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला होता. "कोणतंही स्कॅनर चालवा. गल्लीत कोण कोण आहे ते दिसेल."

कोणतंही. माउलीच्या तापाचं औषधसुद्धा ती बाटलीवरचं अक्षर न् अक्षर वाचल्याशिवाय देत नसे. इंटरनेटवर अशी स्कॅनर, म्हणजे नेटवर्कवर कोण आहे ते शोधणारे प्रोग्रॅम, डझनानं होती. आधी तिनं प्रिन्सिपलांकडून कागदावर परवानगी घेतली. दुसऱ्याच्या घरांना हाका मारायच्या तर विचारून माराव्यात. मग तीन निवडली.

पहिलं दिसायला गोड होतं. प्रत्येक नंबरासमोर एक ठिपका; हाकेला ओ आली तर हिरवा, नाही तर लाल. बुधवारी अकरा वाजून गेल्यावर तिनं ते लावलं. त्रेपन्न हिरवे झाले; पन्नासही कॉम्प्युटरांना परीक्षेची पानं पुरवणारा एकशे एक नंबरचा सर्व्हरही हिरवा. एकही नंबर दोनदा नव्हता.

"सगळं हिरवं म्हणजे पास की," रेवणसिद्धप्पा म्हणाला.

"मग पडदे पांढरे कामून पडायलेत, अण्णा?"

रेवणसिद्धप्पानं एक पांढरा पडदा फडक्यानं पुसून बघितला.

दुसरं नुसती हाक मारून थांबेना. घराची प्रत्येक कडी, प्रत्येक खिडकी वाजवून आत काय काय चाललंय ते लिहायला लागलं. ऑफिसातल्या कारकुनाच्या कॉम्प्युटरवर कोणती फाइल उघडी ठेवलीय तेही त्यात यायला लागलं. परवानगीच्या कागदावर एवढं नव्हतं. तिनं ते मधेच बंद केलं आणि कुणीतरी बघितलं की काय म्हणून उगाचच मागं वळून पाहिलं.

तिसरं एका मासिकासोबत आलेल्या सीडीवर होतं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, रंग नाही, ठिपके नाहीत. आज्ञा आपण टाइप करायची. ते काय करतं हे चार ओळींत लिहिलेलं होतं आणि त्या चार ओळी तिला नीट कळल्या नव्हत्या. तिनं सीडी पर्समध्ये टाकली.

गुरुवारी संध्याकाळी पद्माबाई भाकरी थापत होती आणि अंबिका माउलीला मांडीवर घेऊन भिंतीला टेकली होती. म्हातारीनं न बघताच विचारलं, "काय झालंय? लेकरू प्यायलंय अन् तू भलतीकडंच बघायलीस."

अंबिकेनं सांगितलं. सांगता सांगता तिला वाटलं, ह्या बाईला स्कॅनर काय कळणार. पण पद्माबाईचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं होतं. सासरे गेल्यावर कळप विकला तेव्हाच ती ह्या गल्लीत येऊन राहिली.

"म्हणजे तू हाक मारतीस अन् ओ आली की खूण करतीस."

"व्हय, आत्या."

"कोण आलं ते बघतीस. कोणकोण आलं ते बघतीस का?"

अंबिकेला कळलं नाही. पद्माबाईनं भाकरी तव्यावर टाकली आणि हात झटकले.

"दिवसभर मेंढ्या रानात अन् कोकरं वाघुरीत, जाळ्याच्या आत. सांजच्याला मेंढ्या आल्या की वाघूर सोडायची. शंभर मेंढ्या वरडायल्यात, शंभर कोकरं वरडायलीत. एका मेंढीच्या हाकेला कधी कधी दोन दोन कोकरं पळत येतात. एक तिचं, एक उपाशी. लांबून बघणाऱ्याला काय दिसतं? मेंढीनं हाक मारली, कोकरू आलं, झालं. पण मेंढी काय करती? शेपटीपाशी वास घेती. वास पटला तर पाजती, न्हाई तर लाथ. हाकेवर कुणीबी येतंय गं. वास एकाचाच असतो."

तव्यावरची भाकरी फुगली. अंबिका माउलीच्या टाळूवर नाक ठेवून बसली होती. आपण हे रोज करतो हे तिच्या त्या वेळी ध्यानात आलं.

तिनं पर्समधल्या सीडीवरच्या चार ओळी पुन्हा वाचल्या. या वेळी कळल्या. हे स्कॅनर ओ आली की नाही एवढ्यावर थांबत नव्हतं. ओ देणाऱ्याची जन्मखूण मागून घेत होतं. प्रत्येक यंत्राच्या अंगावर कारखान्यातच एक खूण कोरलेली असते, बारा अक्षरं-आकड्यांची. नंबर माणूस देतो आणि बदलतो. खूण यंत्र जन्मताना घेऊन येतं. आणि एका नंबराला दोघांनी ओ दिली तर हे स्कॅनर दोघांनाही लिहून घेतं.

शुक्रवारी ती अकराची वाट बघत बसली. "आली गाडी," रेवणसिद्धप्पा म्हणाला. पाच मिनिटांत पडदे पांढरे पडायला लागले. अंबिकेनं काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप केली, दोनदा तपासली आणि बटण दाबलं.

ती पुढं किती दिवस ते दोन सेकंद आठवत राहिली. दोनच सेकंद. तेवढ्यात दोनशे चोपन्न घरांना विचारून झालं होतं: हा नंबर कुणाचा? असशील तर बोल. आणि ओळी एकामागून एक उगवायला लागल्या. लॅबमधले, ऑफिसमधले, ग्रंथालयातला प्रिंटर. हिरव्या ठिपक्यांच्या हाकेला ज्यांनी तोंड उघडलं नव्हतं तेही बोलले, कारण ह्या प्रश्नाला गप्प बसता येत नाही. गल्लीत राहायचं तर एवढं सांगावंच लागतं. त्यातली एक ओळ जिन्याखालच्या कुलूपबंद खोलीतून आली. तिथं जुना हजेरीचा कॉम्प्युटर होता, दोन वर्षं कुणी न बघितलेला, धुळीखाली चालू. त्यानंही आपली खूण सांगितली होती.

अंबिकेच्या अंगावर काटा आला. वाघूर सोडल्यावर असंच होत असेल, असं तिला वाटलं. सगळ्या रानात एकदम ओरडा आणि त्यात एकाचाही वास दुसऱ्यासारखा नाही. हे कुणी करून ठेवलं असेल? कुठल्या कारखान्यात कोण बसून प्रत्येकाच्या अंगावर वेगळी खूण कोरत असेल आणि आळंदच्या धुळीत ती विचारल्यावर सापडेल, हे त्याला माहीत असेल का?

मग तिला त्या दोन ओळी दिसल्या. एकशे एक. पुन्हा एकशे एक. नंबर तोच, खुणा दोन.

"अण्णा, हिथं दोघं हायत."

रेवणसिद्धप्पा स्टूल सोडून आला. चष्मा पुसून त्यानं बोटानं दोन्ही ओळी मोजल्या. "जुळे?"

"न्हाई. जुळ्यांचाबी वास येगळा."

पहिली खूण सर्व्हरच्या मागच्या चिकटपट्टीवर होती. दुसरी शोधायला ती आणि रेवणसिद्धप्पा खोलीखोलीत फिरले. यंत्रं वाकडी करून पोटाखालच्या पट्ट्या वाचत होते. ग्रंथालयात नाही, ऑफिसात नाही. शेवटी एकच दार उरलं.

प्रिन्सिपलांच्या खोलीत कपाटावर सीसीटीव्ही कॅमेऱ्यांची नवी पेटी होती, कुंकू लावलेली, वाळलेला हार अजून तसाच. गेल्या आठवड्यातल्या गुरुवारी पूजा करून बसवलेली. साहेब खोली उघडून मेन स्विच लावायचे तेव्हा ती चालू व्हायची आणि जाताना बंद.

अंबिकेनं हार बाजूला करून पट्टी वाचली. बारा अक्षरं जुळली.

"सर, ह्या पेटीला नंबर कुणी दिला?"

"मीच सांगितलं रविकुमारला," गुरुशांतप्पा म्हणाले. रविकुमार म्हणजे कॅमेरे बसवणारा दुकानदार. "तो म्हणाला, साहेब, कोणता पण रिकामा सांगा. म्हटलं, एकशे एक दे. शुभ असतो. का?"

आता गप्प बसता येत होतं. कॅमेऱ्याची चूक म्हणता आली असती. पण सर्व्हर पूजेच्या आदल्याच दिवशी, बुधवारी बसला होता आणि कंपनीच्या माणसानं फोनवर नंबर विचारला तो तिलाच. तिच्या आईनं नवसाला नारळ वाहिले तेही एकशे एकच.

"सर, सर्व्हरला एकशे एक मी दिला. शुभ म्हणून. कुठं लिहून ठेवला न्हाई, कुणाला सांगितलाबी न्हाई."

रेवणसिद्धप्पा भिंतीकडं बघत होता. गुरुशांतप्पांनी पेटीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "म्हणजे आठ दिवस आपण दोघं एकाच शुभावर बसलोय."

"व्हय, सर."

"पेटीचा बदलता येतो?"

"येतो. पण पूजा झालेली..."

"पूजा पेटीची झालीय, नंबराची नाही." ते खुर्चीत मागं टेकले. "एकशे आठ दे. जपमाळेचा."

"आधी विचारून बघते, सर."

"मला?"

"न्हाई, गल्लीला."

तिनं लॅबमध्ये जाऊन फक्त एकशे आठला विचारलं. असशील तर बोल. काळा पडदा काहीच बोलला नाही. तिनं आणखी दोनदा विचारलं. माउलीचा श्वास एकदा बघून तिचं कधी भागलं होतं? मगच तिनं नंबर बदलला, आणि वही आणून पहिल्या पानावर सापडल्या तशाच सगळ्या खुणा उतरवायला बसली; एकशे एकसमोरची पेटीची खूण तेवढी खोडली.

शनिवारी बंगळूरचा माणूस साडेबाराला आला. साहेब खोलीत होते, पेटी चालू होती, पंखे फिरत होते. त्यानं पन्नास कॉम्प्युटर एकदम लावले. अंबिका भिंतीला पाठ लावून उभी होती आणि पडदे एकेक करून मोजत होती. एकोणचाळीस, चाळीस. त्रेचाळिसावा अडला. तोही उघडला. पन्नास. ते तसेच उघडे राहिले, दहा मिनिटं, वीस मिनिटं. त्या माणसानं सही केली आणि एकशे एकच्या शेजारी वहीत दोन खुणा कशा काय, त्यातली एक खोडलेली का, असं विचारलं. प्रिन्सिपल म्हणाले, "ते आमचं घरगुती आहे."

एक वाजून पाच मिनिटं झाली होती. ती कट्ट्याकडं जवळजवळ पळतच गेली. पद्माबाईच्या मांडीवर माउली रडून लाल झाला होता. शेजारी भाजीवाली बाई त्याला चुचकारत होती आणि तो तिच्याकडं बघायलाही तयार नव्हता. अंबिका खाली बसली. त्यानं आधी तिच्या मानेत तोंड घातलं, क्षणभर तसाच थांबला, मग प्यायला लागला.

"राहिलं का हिथंच?" पद्माबाईनं विचारलं.

"राहिलं, आत्या."

म्हातारीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "किती हायत म्हणं सगळे?"

"सत्तावन्न."

"मोजलीस?"

"न्हाई. हाक मारली अन् वास घेतला."

पद्माबाईनं मान डोलावली, ह्यात काय विशेष असं, आणि टाकीखालच्या गळक्या नळाला आपला तांब्या लावला.