तुम्हाला कोण ओढतंय हो, बाबा?

"ओढला! बघा, ओढला!"

बाबा ओरडले आणि गर्दी शहारली. धुलाईघरातली दुपारची सुट्टी. गरम चादरींच्या ढिगांवर बाबांनी बायकांना आडवं केलेलं, डोळे मिटून. एकीचा पाय उडाला होता, एवढंच.

"झोप लागताना जीव दाराशी येतो. मेलेलं माणूस हात धरून ओढतं. म्हणून दचकता!"

पोट आधी, मागून बाबा, अशी ती स्वारी. लोक त्यांना झटकेबाबा म्हणत. मला हसू आवरेना.

मग वहिनीचा पाय उडाला. हसू गेलं.

थांबा, वहिनीचं आधी सांगतो. दादा गेल्या वर्षी वारला. ती इथेच इस्त्रीच्या तापलेल्या रोलरमध्ये ओल्या चादरी सरकवते. बाबांनी तिला सांगितलं, नवरा ओढतोय. जागरण कर, माझं तीर्थ पी, नाहीतर पुढचा नंबर पोरीचा. तेव्हापासून ती रात्री डोळा मिटत नव्हती. काल रोलरने तिची बाही धरली. मी बटण दाबलं म्हणून हात वाचला.

"वहिनी, झोपा हो जरा घरी."

"झोपले की ते येतात, भावजी. मला नेलं तर नेऊ देत. पोरीला नको."

मी सरळ तिच्या थोरल्या बहिणीला फोन केला. ती डॉक्टर.

तीच आता गर्दीतून पुढे आली. तीर्थाचा पेला उचलला, हुंगला, घोट घेतला.

"वर लवंग, खाली कडक कॉफी."

"दैवी काढा आहे, बाई!"

"वा रे दैव! आधी जागवायचं, वर हे पाजायचं, काळजीने पोखरायचं, मग आडवं पाडायचं. झटके वाढणारच! अगं, झोपेत शिरताना स्नायू सैल पडतात, मेंदूचा काही भाग अजून जागा असतो. मधूनच एखादा चुकार इशारा सुटतो आणि अंग उडतं. तो का सुटतो, हे अजून पुरतं कळलेलं नाही. पण मेलेलं माणूस लागत नाही त्याला. मलाही होतं."

बाबा तुच्छतेने हसले. "मी समाधीत जातो. उत्तर वरून येईल."

उत्तर आलं ते नाकातून. जेवण भरपेट झालेलं, खुर्ची मऊ. हनुवटी छातीला टेकली, घोरणं सुरू झालं.

फाट्!

पाय उडाला. चप्पल सुटली ती थेट साबणाच्या पाण्यात.

 वहिनी चादरींवर उठून बसली. तिने त्या चपलेकडे बोट केलं.

"बाबा, तुम्हाला कोण ओढतंय हो?"

"अं? मी... समाधी उतरली."

"घोरत उतरली का?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि धुलाईघर हसून लोटपोट झालं. बाबा एका पायात चप्पल घालून सटकले. तीर्थ मोरीत गेलं.

त्या दुपारी रोलर मी सांभाळला. वहिनी ढिगावर झोपली. एकदा पाय उडाला, डोळे उघडले. मी रोलरपाशून पाहत होतो.

तिने कूस बदलली.

तुम्हीही तेवढंच करा. आणि झटक्याचा अर्थ सांगायला कुणी आलाच, तर त्याला आधी भरपेट जेवू घाला, मऊ खुर्ची द्या आणि वाट बघा.