दोन शाळांच्या मधली फळ्यांची भिंत

मी एक जुनी लाकडी भिंत आहे. मागच्या महिन्यात मला खोलीतून उपटून व्हरांड्यात टेकवून ठेवलं. पण मित्रांनो, ते सोडा. तसं काही झालेलंच नाही. मी अजून लातूरच्या एका सरकारी शाळेच्या लांबलचक खोलीत मधोमध उभी आहे. माझ्या एका अंगाला मराठी शाळा आहे, दुसऱ्या अंगाला उर्दू, आणि दोन्हीकडं मुलं गच्च भरलेली आहेत. असं धरून चालू.

माझा जन्म निजामाचं राज्य गेल्यानंतरचा. राज्य गेलं आणि शाळेत मराठी आली. उर्दू काही गेली नाही, ती इथलीच होती. भाषा दोन झाल्या, खोली मात्र एकच राहिली. एका गुरुजींनी प्रश्न विचारला की दुसऱ्या गुरुजींचा मुलगा उत्तर द्यायचा, आणि छडी कुणी मारायची यावर तास संपायचा. म्हणून खाजा मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी आडत बाजारातल्या एका मोडलेल्या दुकानाच्या दारांपासून मला बनवलं. त्यामुळं पावसाळ्यात मला अजून करडईचा वास सुटतो.

मी छतापर्यंत पोचत नाही. हेडमास्तरांनी विचारलं, "मिस्त्री, वर एवढी फट का ठेवली?"

"लाकूड संपलं."

"मग आवाज येईल की."

"येईल. त्याला मी कुठं बोलावलं?"

आवाज आला, आणि मित्रांनो, त्याच आवाजावर माझं आयुष्य गेलं. इकडून 'बे एके बे', तिकडून 'दो एकम दो'. एका बाजूची गाडी अडली की दुसरी बाजू ढकलायची. सतराचा पाढा तर आमच्या शाळेत कुणालाच एका भाषेत येत नसे. निम्मा मराठीत जायचा, निम्मा उर्दूत उतरायचा, आणि उत्तर बरोबर यायचं. या शाळेतून निघालेले कितीतरी व्यापारी अजून मनातला हिशोब दोन भाषांत करतात, आणि गिऱ्हाइकाला वाटतं मंत्र म्हणतायत.

मोठ्या भूकंपात शाळेच्या दगडी भिंतींना तडे गेले. पाहणीला आलेल्या इंजिनिअरनं मला हलवून बघितलं आणि म्हणाला, "इमारतीत हीच एक भिंत भरवशाची आहे." दुसऱ्या दिवशी दोन्हीकडची मुलं मला पाठ लावून बसली. मी कधी कुणाला आधार दिला असेल तर तो तेव्हा. एरवी मी फक्त मध्ये होते.

पुढं गावात पिवळ्या गाड्यांच्या इंग्रजी शाळा आल्या. साऱ्या महाराष्ट्रातली पोरं डॉक्टर व्हायला लातूरला येऊ लागली. लातूरची पोरं मात्र आमच्या मराठी बाजूला येईनाशी झाली. दरसाल एखादी रांग कमी व्हायची. शेवटी एकच मुलगी उरली, आरती.

आरतीचे वडील वीरण्णा बाहेरगावच्या पोरांसाठी मेस चालवतात. आरती आमच्या मराठी वर्गाची मॉनिटर. पहिला नंबर तिचा, शेवटचाही तिचाच. वर्गाच्या धम्मप्रिया मॅडम कामासाठी बाहेर गेल्या की ती बडबड करणाऱ्या मुलांची नावं फळ्यावर लिहायची, म्हणजे स्वतःचं लिहायची. बडबड ती करायची माझ्या पलीकडं बसणाऱ्या लायबाशी. दोघी मला पाठ लावून बसायच्या आणि बोलायच्या. एकमेकींचं तोंड त्यांनी फार बघितलं नसेल. पाठ मात्र चांगली ओळखीची होती.

उन्हाळ्याच्या सुटीआधी तपासणीचे साहेब आले. म्हणाले, "शाळा उघडल्यावर मराठीत दोन तरी मुलं दिसली पाहिजेत. न्हाईतर वर्ग बंद, आणि ही मुलगी रिंग रोडपलीकडच्या शाळेत."

धम्मप्रिया मॅडम भर उन्हात घरोघर फिरल्या. लोकांनी त्यांना सरबत दिलं, पोरं दिली नाहीत. वीरण्णांच्या मेसमध्येही जाऊन त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं एवढी पोरं जेवतात, एखादं चौथीतलं असेल का?"

"समदी बारावीची हायत मॅडम," वीरण्णा म्हणाले. "पण काही जणांना बसवलं तर बसतील. भात भरपूर घाला."

शाळा उघडली त्या सकाळी जे झालं, ते फक्त मीच दोन्हीकडून बघितलं. सगळ्यांच्या आधी लायबा आली आणि मराठी बाजूला जाऊन बसली. हिशोब सोपा होता. ती आणि आरती मिळून दोन. थोड्या वेळानं आरती आली. ती मागच्या दारानं गेली आणि उर्दू बाजूला बसली. तिचाही हिशोब सोपा होता. मराठी बंद पडली तरी लायबाच्या शेजारी राहता येईल. दोघींनी एकमेकींना सांगितलं नव्हतं. अचानक खूश करायचं होतं.

साहेब आले. मराठी बाजूला बघून म्हणाले, "एक."

"आरती येतीच आता," लायबा म्हणाली.

पलीकडून आवाज आला, "मी आले की. इकडं हाय."

"इकडं कुठं?"

"तुझ्याकडं."

"अगं, माझ्याकडं तू कशी? मी तुझ्याकडं हाय."

"तू तिकडं काय करायलीस?"

"तुझी वाट बघायले."

मग दोघी एकदमच उठल्या आणि धावल्या. आरती मागच्या दारानं इकडं आली, लायबा पुढच्या दारानं तिकडं गेली. साहेबांनी मान वर केली. मराठी बाजूला आरती एकटी उभी होती. साहेब म्हणाले, "एकच."

उर्दूच्या साबेरा आपा पदर सावरत आल्या. "साब, रुको जरा. बच्ची को भेजती मैं."

"मोजणी झाली," साहेब म्हणाले.

"पुन्हा एकदा मोजा ना सर," धम्मप्रिया मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, एकदा मोजलं तर ती तपासणी. पुन्हा पुन्हा मोजलं तर त्याला शिकवणं म्हणतात. ते तुमचं काम."

मॅडम बदली होऊन औशाला गेल्या. आरती रिंग रोडपलीकडं गेली. आणि दोन शाळाच नाहीत तर मध्ये भिंत कशाला, म्हणून मला काढलं. हे सगळं झालेलं नाही असं आपलं ठरलं होतं, पण झालं.

खोली आता प्रशस्त झाली आहे. मुलं मात्र अजून आपल्याच अर्ध्या भागात बसतात. चेंडू पलीकडं गेला तर खिडकीतून हात घालून काढतात. साबेरा आपा सांगून दमल्या, "अरे, चल के जाओ ना, कौन रोकता?" रोखायला कुणीच नाही. तरी कुणी जात नाही.

परवा संध्याकाळी आरतीची रिक्षा आमच्या कोपऱ्यावर थांबली. लायबा व्हरांड्यात होती. दोघी पायरीवर समोरासमोर बसल्या.

"कशी हाय शाळा?"

"हाय."

"पोरं हायत?"

"लई हायत."

अशा आवाजाला असं तोंड असेल हे बहुतेक दोघींनाही पटत नव्हतं. शेवटी लायबा उठली. तिनं मला टेकल्या जागेवरून ओढून उभं केलं आणि माझ्यामागं जाऊन बसली. आरतीनं इकडून पाठ लावली. आणि मग त्या जे बोलायला लागल्या, ते वीरण्णा शोधत येईपर्यंत. काय बोलल्या ते मी सांगणार नाही. पण दोन्हीकडून पाठ उबदार लागली की मला बरं वाटतं.

मित्रांनो, सोमवारी भंगारवाला मला बघायला येणार आहे. म्हणून साहेबांना उद्देशून एवढंच. सदर भिंत सुस्थितीत असून ती मूळ जागी, दोन शाळांच्या मध्ये, पुन्हा उभी करण्यात यावी. त्यासाठी लागणाऱ्या दोन शाळा उपलब्ध करून देण्यात याव्यात. त्या शक्य नसल्यास प्रत्येक बाजूस किमान एक मुलगी कायमस्वरूपी नेमण्यात यावी, आणि तिची बदली पलीकडच्या मुलीला विचारल्याशिवाय करण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.