साठ अक्षरांचा शेरा

आमच्या कंपनीकडे चारशे बारा लिफ्टांची देखभाल होती आणि त्यांतल्या प्रत्येकीच्या खोडी शेरेमास्तरांना पाठ होत्या. त्यांचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुणी वापरत नसे. समोर आलेल्या कागदावर शेरा मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे; चहाच्या बिलावरही 'चहा कोमट होता' असं लिहून मगच ते पुढे पाठवणार.

कामकाजाचं सॉफ्टवेअर आलं तेव्हा त्याची पहिली आवृत्ती तान्ह्या पोरासारखी होती. सुटे भाग मोजायची आणि दोन बटणं एकदम दाबली गेली की निपचित पडायची. मास्तरांनी शेजारी आपली जाड वही चालूच ठेवली. दुसऱ्या आवृत्तीला वाचा फुटली. प्रत्येक लिफ्टपुढे शेऱ्याचा रकाना आला, लिहाल तेवढं लिहा. मास्तरांना रानच मोकळं मिळालं. दीड वर्ष खपून त्यांनी अख्खी वही त्या रकान्यांत उतरवली आणि स्वतःच्या हातानं रद्दीत घातली. तिसरी नुसतीच नटली: रंगीत आलेख, पासवर्ड, मालकीणबाईंना वाढदिवसाच्या शुभेच्छा. कामात काडीचा फरक नाही.

चौथी मात्र शहाणी होऊन आली, आणि तिला घेऊन आला मास्तरांचा जावई. तो सॉफ्टवेअरवाल्यांकडे नोकरीला होता. मुलगी दिलीत, आता दप्तरही द्या, असं मालकीणबाई मास्तरांना हसत म्हणाल्या. आता मेकॅनिकला जागेवरच, फोनवर सगळं दिसणार होतं. फोनचा पडदा वीतभर, म्हणून शेरा साठ अक्षरांचा.

सोमवारी ती सुरू झाली आणि दुपारपर्यंत मेकॅनिक लोक हसून हसून बेजार झाले. मास्तरांचा हात अर्ज लिहून लिहून मुरलेला. मुद्द्यावर येण्याआधी ते दोन ओळी नमस्कारात घालवत. त्यामुळे चारशे बारा लिफ्टांपुढे एकच मजकूर उमटला: 'सविनय कळविण्यात येते की, सदर ठिकाणी समक्ष जाऊन बारकाईने पाहणी केली असता असे निदर्शनास आ'. तिथेच शेरा तुटला होता. मास्तरांच्या सगळ्या लिफ्टा आ वासून उभ्या आहेत, असं कुणीतरी म्हणालं. मास्तरही हसले. जावयाला म्हणाले, सवडीनं नीट करा. जावई म्हणाला, पुढच्या आठवड्यात बघतो.

गुरुवारी डावखुऱ्याची दोन बोटं गेली. हा आमचा सगळ्यात चपळ मेकॅनिक. एका जुन्या सात मजली इमारतीत त्यानं मुख्य खटका पाडला, बंद झालं असं समजून हात घातला, आणि लिफ्ट हलली. दोर आणि चाक यांच्यामध्ये डावा हात सापडला.

मालकीणबाईंनी मास्तरांना बोलावून विचारलं, त्या लिफ्टला दुसरीकडूनही वीज येते हे ठाऊक होतं का. होतं, मास्तर म्हणाले, आणि तसं लिहिलंही होतं. कुठे? रकान्यात. रकान्यात तर 'निदर्शनास आ'. वही? रद्दीत. सॉफ्टवेअरवाल्यांचं पत्र आलं की चारशे बाराच्या चारशे बारा नोंदी सुखरूप आल्या आहेत. सोमवारपर्यंत पुरावा द्या, नाहीतर घरी बसा, असं ठरलं. मास्तरांच्या निवृत्तीला चौदा महिने होते. पण त्यांना नोकरीपेक्षा दुसरंच खात होतं. अख्खं ऑफिस कुजबुजत होतं की म्हाताऱ्यानं लिहिलंच नव्हतं.

जुन्या आवृत्तीची प्रत जावयाच्या ताब्यात होती. रविवारी लेक-जावई जेवायला आले. मास्तरांनी प्रतीचं नावही काढलं नाही, जावयानं ताटातून मान वर केली नाही. शेवटी लेकच म्हणाली, "बाबा, तुम्ही मागत का नाही?"

"जावयाकडे काय मागायचं? त्याचं त्यालाच कळायला हवं."

सोमवारी जावई न बोलावता आला. मालकीणबाईंच्या खोलीत त्यानं जुनी आवृत्ती उघडली. डावखुराही आला होता, हाताला बँडेजचा गोळा. जावयानं आधी स्वतःचा हिशेब दिला. शेरे उतरवताना पडद्यानं विचारलं होतं, जास्तीचा मजकूर गाळला जाईल, पुढे जायचं का? त्यानं वरचे चार-पाच शेरे चाळले. सगळ्यांची सुरुवात सारखी, तेव्हा शेवटही सारखाच असेल असं धरून त्यानं 'हो' दाबलं.

मग त्यानं तो शेरा मोठ्यानं वाचला. नमस्कार झाला, पाहणी झाली, इमारतीचं वय झालं, रखवालदाराचा स्वभाव झाला, आणि सातव्या ओळीत आलं: जिन्याखालचा दुसरा खटका पाडल्याशिवाय हात घालू नये.

मास्तरांनी खिशातला चष्मा काढला, पुसला, पुन्हा ठेवला. इतक्या दिवसांत प्रथमच त्यांची मान ताठ झाली होती.

"मास्तर," डावखुरा हळूच म्हणाला, "सात ओळी लिहिल्यात. मग माझा हात शेवटच्या ओळीत का ठेवलात?"

त्याच्या आवाजात राग नव्हता.

मास्तरांची नोकरी राहिली. जावयाची मात्र गेली. त्याच्या साहेबांना कबुलीपेक्षा पत्रातली चारशे बाराची बेरीज प्यारी होती. तीन रविवार झाले, लेक जेवायला आलेली नाही. ऑफिसात आता कुणी कुजबुजत नाही. मास्तर खोलीत शिरले की नुसतंच शांत होतं, आणि ते जास्त वाईट.

सगळे शेरे नव्यानं लिहायचं काम त्यांच्याकडेच आलं. जावयाच्या जागी आलेल्या माणसानं सांगितलं की पाचव्या आवृत्तीत दोनशे अक्षरं देऊ.

"साठच असू द्या," मास्तर म्हणाले.

पहिला शेरा त्यांनी त्या सात मजली इमारतीचा लिहिला. सकाळी बसले ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत. लिहायचे, खोडायचे, बोटांवर मोजायचे. शेवटी पडद्यावर उरलं ते एवढंच: 'आधी जिन्याखालचा खटका पाड. मग हात घाल.' मोकळी जागा बरीच उरली होती. तिच्यात त्यांनी काही भरलं नाही. चारशे अकरा बाकी होते, आणि त्या सगळ्या लिफ्टा त्या क्षणी चालू होत्या.