आत बघणारी माणसं

त्या प्रकाशनगृहात एक नियम होता, आणि तो खुद्द मालकांनी काढलेला, त्यामुळे त्यावर ब्र काढायची सोय नव्हती. पानावरच्या प्रत्येक फोटोतल्या जिवानं पुस्तकाच्या आत बघायचं. हरीण असो, गुराखी असो, सैनिक असो, तोंड पानं शिवलेल्या मधल्या शिवणीकडेच. बाहेर बघणारा म्हणे वाचकाची नजर पानाबाहेर पळवून नेतो. मग कुणी बाहेर बघताना सापडला की मालक त्याला सरळ उलटवून टाकत, आरशात दिसतो तसा. जंगलाची, खेड्यांची आणि लढायांची पुस्तकं काढणारी ती संस्था. तिथले लोक मालकांना तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे आतबघे.

मुद्रितं तपासणाऱ्या बाईंना या नियमाची पहिल्यापासून चीड होती. गोगलगाईंच्या पुस्तकात मालकांनी निम्म्या गोगलगाई उलटवल्या, तेव्हा त्यांच्या शंखांचे वेढे भलत्याच बाजूला गेले. बाईंनी कानीकपाळी ओरडून सांगितलं. मालक म्हणाले, गोगलगाय काही तक्रार करायला इथवर येत नाही. सगळे खो खो हसले आणि बाई मूग गिळून कामाला लागल्या.

या वेळचं पुस्तक मात्र त्यांच्या काकांच्या गावाचं होतं. युद्धात त्या गावानं पूल कसा राखला, त्याची हकीकत. आईवडिलांमागे बाईंना याच काकांनी वाढवलेलं. काका फोटो द्यायलाच तयार नव्हते, कशाला ती थेरं म्हणाले होते. बाईंनी हट्टानं, लाडीगोडी लावून तो काढून घेतला. कोठाराच्या पायरीवर बसलेले काका, दोन्ही हात गुडघ्यांवर, डाव्या हाताची दोन बोटं नाहीत. ती पुलावर गेली.

आणि त्या गावात डावं की उजवं ही साधी बाब नव्हती. सक्तीची भरती आली तेव्हा काही पोरांनी उजव्या हाताचं बोट, बंदुकीचा चाप ओढायचं, आपल्याच हातानं तोडलं आणि घरी राहिली. गाव त्यांना बोटकापे म्हणे. त्यांच्या घरात कुणी मुली दिल्या नाहीत. गिरणीवाला त्यातलाच, अशी कुजबुज जन्मभर चालली. तो म्हणायचा, बोट गिरणीच्या पट्ट्यात गेलं. काका पीठ दुसऱ्या गावाहून आणत, पण त्याच्या दारात पाऊल टाकत नसत.

छापखान्यातून गठ्ठे प्रकाशन समारंभासाठी थेट गावच्या सभागृहात गेले होते. बाई मालकांबरोबर तिथे पोहोचल्या, गठ्ठा सोडला, पान उघडलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काका पुस्तकाच्या आत बघत होते. उजव्या हाताची दोन बोटं गायब, आणि खाली ठळक अक्षरांत छापलेलं, पुलाचा रक्षक.

शेवटच्या मुद्रितात फोटो सुलट होता, बाईंनी स्वतः सही केली होती. त्यांनी मालकांना बाजूच्या खोलीत ओढलं आणि एकही प्रत वाटायची नाही म्हणून बजावलं. मालकांनी आधी लक्षातच नाही आलं असं दाखवलं, मग बाई भावनेच्या भरात बोलताहेत म्हणाले, मग म्हणाले एवढं बारीक बघतो कोण. बाईंनी त्यांना नको नको ते सुनावलं. तोवर बाहेर कुणीतरी उत्साहानं प्रती वाटूनही टाकल्या.

सभागृहात आधी पानांची सळसळ झाली, मग ती थांबली. माना पहिल्या रांगेकडे वळल्या. काका सवयीप्रमाणे दोन्ही हात कोटाच्या खिशांत घालून बसले होते. त्यांच्या बरोबरीचे आता कोण उरलेत? बाकीच्यांना पूल ऐकून माहीत. मागून एक तरणा मास्तर उभा राहिला आणि गोड आवाजात म्हणाला, आजोबा, जरा हात दाखवता का, इथे काहीतरी घोळ दिसतोय.

बाई धावत काकांजवळ गेल्या. म्हणाल्या, “काका, हात बाहेर काढा. एका क्षणाचं काम आहे.”

“नाही काढणार,” काका म्हणाले. “इतकी वर्षं या गावात वावरलो. आज एका फोटोवरून मी यांना पुरावा देऊ? मरेन, पण देणार नाही.”

बाईंना रडू फुटलं, तेही रागाचंच. या म्हाताऱ्याचं सगळं आयुष्य मालकांनी शिवणीकडे वळवून ठेवलं होतं, आणि मालक मंचावर घाम पुसत उभे होते.

तेव्हा शेवटच्या रांगेतून गिरणीवाला उठला. काठी टेकत मधल्या वाटेनं पुढे आला, लोकांकडे वळला आणि उजवा हात वर धरला.

“त्याचा डावा,” तो म्हणाला. “बोटं पुलावर गेली. उजव्या हाताचं बोट माझं. पट्ट्यात नाही गेलं ते. मीच कापलं.”

मागच्या बाकावर गिरणीवाल्याची सून बसली होती, तिनं पदरात तोंड लपवलं. मालक लगबगीनं मंचावरून उतरले, काकांसमोर हात जोडून चूक झाली, नवीन प्रती काढू, असं काहीबाही बोलू लागले.

काकांनी खिशातला डावा हात काढला आणि त्याच हातानं मालकांना बाजूला सारलं.

“माझं राहू द्या,” ते म्हणाले. “तुमच्या त्या पानापायी याला सुनेसमोर हे बोलावं लागलं. आधी याची माफी मागा.”

मग ते बाकावर थोडे सरकले आणि गिरणीवाल्याला बसायला जागा केली.