पाठीवरचे हात

जो कोणी माझ्या शोधनिबंधाचा संदर्भ देतो, तो मिरजेला येऊन माझ्या पाठीवर हात ठेवतो, आणि एकदा ठेवलेला हात पुन्हा निघत नाही.

पहिला हात नागपूरच्या डॉ. हेमलता पाध्ये यांचा. मी प्रयोगशाळेत चहा पीत होतो. त्या मागून आल्या, "सावळजकर, तुमच्या यकृताच्या निबंधाचा संदर्भ दिलाय हं मी," असं म्हणाल्या आणि माझ्या उजव्या खांद्याखाली तळहात ठेवून उभ्या राहिल्या. आभार मानायला मी वळलो, तर त्याही माझ्याबरोबर वळल्या. त्यांनी घरी फोन करून सांगितलं की आता इथेच राहावं लागेल, जेवणाचं बघून घ्या. मग त्या डाव्या हाताने बिस्किट खाऊ लागल्या.

खोटं कशाला बोलू, मला मनापासून आनंद झाला. आमच्या धंद्यात माणसाने काय लिहिलं याला फारशी किंमत नसते, त्याचं लिहिलेलं किती जण आपल्या निबंधाच्या शेवटी नोंदवतात याला असते. उमेदीची सगळी वर्षं मी कोऱ्या पाठीने काढली होती. शेजारच्या विभागातल्या डबीरांच्या पाठीवर तेव्हा दोन हात होते, त्यातला एक त्यांच्या मेव्हण्याचा. तेवढ्यावर हा गृहस्थ कॅन्टीनमध्ये मुद्दाम पाठमोरा बसायचा. पाध्येबाईंना घेऊन मी त्या दिवशी कॅन्टीनमध्ये गेलो आणि डबीरांच्या समोरच पाठ करून बसलो.

निबंध साधा होता. यकृत कडक झालेल्या उंदरांना मी एक औषध दिलं आणि यकृत पुन्हा मऊ झालं. निबंधात तीन चित्रं होती, सूक्ष्मदर्शकाखाली काढलेली: निरोगी उंदराचं यकृत, आजारी उंदराचं यकृत आणि औषधानंतरचं यकृत. चित्रांखाली मी लिहिलं होतं की औषधानंतरचं यकृत निरोगी यकृतापासून वेगळं ओळखता येत नाही. हे वाक्य पुढे फार गाजलं.

पाध्येबाईंच्या मागोमाग माणसं येऊ लागली. हैदराबादहून आली, लखनौहून आली, कोरियाहून एक अख्खी प्रयोगशाळा आली आणि वाकून नमस्कार करून रांगेने हात ठेवून गेली. म्हणजे गेली नाही, थांबली. संस्थेच्या संचालिका गुळवणी मॅडम यांनी मला प्रयोगशाळेतून सभागृहात हलवलं. दर आठवड्याला सभागृह थोडं लांब व्हायचं. खिडक्यांची संख्या तीच राहायची, भिंत मात्र वाढायची. दार मला आधी दिसायचं, नंतर अंदाजाने ठाऊक असायचं.

पाठीवरची जागा संपल्यावर लोक पुढच्याच्या पाठीवर हात ठेवू लागले. लातूरचे प्राध्यापक बिराजदार पाध्येबाईंच्या पाठीला चिकटले होते. मी सहज विचारलं, "निबंध कसा वाटला?"

"कुठला?" ते म्हणाले.

"माझा. ज्याचा तुम्ही संदर्भ दिलात."

"तो वाचायचा राहिला, सर. पाध्ये मॅडमनी हात ठेवलेला दिसला, म्हणून मीही ठेवला. त्यांनी वाचलाच असेल."

"मी सारांश वाचला होता," पाध्येबाई म्हणाल्या. "चांगला होता."

मला राग आला नाही. निबंध वाचण्यासाठी नसतो, टेकण्यासाठी असतो, एवढं मला कळत होतं. मी स्वतः तरी तो छापून आल्यावर कुठे वाचला होता?

वजन मात्र वाढत होतं. संदर्भ देणारा माणूस हात नुसता ठेवत नाही, त्यावर भार देतो, कारण त्याच्या पाठीवर आणखी कोणीतरी असतं. पावसाळ्यात मी कंबरेत थोडा वाकलो. दिवाळीत माझी पाठ टेबलासारखी आडवी झाली आणि गुळवणी मॅडमनी तिच्यावर सत्काराची शाल पसरायचा प्रयत्न केला, पण हातांमुळे ती बसेना. डबीर येऊन मला बघून गेले. "भाग्यवान आहात," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात मत्सर होता आणि तो ऐकायला मला फार बरं वाटलं. संक्रांतीपर्यंत माझं डोकं माझ्या गुडघ्यांच्या मध्ये आलं.

या अवस्थेत माणसाला मागचं दिसतं, आणि उलटं दिसतं. मागच्या भिंतीवर संस्थेने माझ्या निबंधाचा मोठा फलक लावला होता. लोकांच्या पायांमधल्या फटीतून त्यावरची तीन चित्रं मला दिसत होती. करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी ती बघत बसलो.

निरोगी यकृताचं चित्र मला पाठ होतं. त्यात वरच्या कोपऱ्यात कोयरीच्या आकाराची एक रक्तवाहिनी होती, तिच्या देठाशी दोन ठिपके. आता फलक उलटा दिसत होता, त्यामुळे ती कोयरी खाली जायला हवी होती. ती खाली गेलीच होती. पण औषधानंतरच्या चित्रात तीच कोयरी वर आली होती, निरोगी चित्र सरळ धरल्यावर ती असायची त्याच कोपऱ्यात, देठाशी त्याच दोन ठिपक्यांसह.

मी सावकाश विचार केला. ते औषध दिलेल्या उंदराचं यकृत नव्हतं. निरोगी उंदराचीच काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली दुसऱ्यांदा ठेवली गेली होती, फक्त फिरवून. औषधानंतरचं यकृत निरोगी यकृतापासून वेगळं ओळखता येत नव्हतं, कारण ते निरोगीच होतं. औषध दिलेल्या उंदरांचं काय झालं, हे कुणीच पाहिलेलं नव्हतं. मी काचपट्ट्यांचा डबा मागवला. सर्वांत खाली औषध दिलेल्या उंदराची पट्टी निघाली, कधीच न पाहिलेली. पाध्येबाईंनी मोकळ्या हाताने ती खिडकीच्या उजेडात धरली.

"कशी आहे?" मी विचारलं.

"दगड आहे," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या निबंधात तसं नाही."

आणि त्यांनी ती परत डब्यात ठेवली. खरं सांगायचं तर मला तेव्हाही फार काळजी वाटली नाही. एवढी माणसं उभी होती आणि कुणी पडलं नव्हतं.

त्याच आठवड्यात गुळवणी मॅडम माझ्या डोक्याशी उकिडव्या बसल्या. त्यांना माझ्याशी बोलायचं असलं की तसंच बसावं लागे.

"सावळजकर, आनंदाची बातमी. औषधाला परवानगी मिळाली. आता पेशंट येणार. त्यांचे हात थेट तुमच्या पाठीवर, रांग नाही. हात टेकला की औषध सुरू. पाध्येबाई जरा सरकतील."

"पहिला पेशंट कोण?"

"तुमचे थोरले बंधू. मीच सुचवलं. घरच्या माणसाचा मान."

अण्णांचं यकृत गेली दोन वर्षं कडक होत होतं, हे मला माहीत होतं. शालनवहिनी आपल्या यकृताचा तुकडा द्यायला तयार झाल्या होत्या, तपासण्या जुळल्या होत्या आणि येत्या शुक्रवारी सांगलीला ऑपरेशन ठरलं होतं. अण्णा वाचणार म्हणून मी निर्धास्त होतो.

"ऑपरेशन आहे त्यांचं," मी म्हणालो.

"ते त्यांनी रद्द केलं," मॅडम म्हणाल्या. "भावाचं औषध असताना बायकोला कशाला कापायचं, म्हणाले. एकदा औषध सुरू झालं की ऑपरेशन करता येत नाही, हे त्यांना सांगितलंय. केवढा विश्वास आहे बघा तुमच्यावर!"

अण्णा सकाळीच दाराशी पोचले होते, पण सभागृह इतकं लांबलं होतं की माझ्यापर्यंत यायला त्यांना दुपार झाली. मला आधी त्यांच्या वहाणा दिसल्या, तासगावच्या बाजारातल्या, टाचेला झिजलेल्या. त्यांच्या शेजारी वहिनींची पावलं. अण्णांचे घोटे सुजले होते आणि नखं पिवळी पडली होती.

"रंगा, लेका, केवढी ही मान्सं!" अण्णा म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "समदी तुझ्यासाठी आल्यात?"

"अण्णा, थांबा. हात लावू नका."

"का रं? देवाच्या दारात आल्यागत वाटतंय मला. वाटंनं एक डागदर म्हनला, तुमचा भाऊ म्हंजी लई मोठा मानूस."

"अण्णा, ते औषध चालत नाही. चित्र चुकलंय. ऑपरेशन करून घ्या."

हे मी मोठ्याने बोललो. आयुष्यात इतकं स्पष्ट वाक्य मी पूर्वी बोललो नव्हतो, निबंधात तर नाहीच. मग पाध्येबाई म्हणाल्या, "हा नवा निष्कर्ष आहे. लिहून घ्या." बिराजदारांनी मागच्याला सांगितलं, मागच्याने त्याच्या मागच्याला. सावळजकर यांच्या मते औषध चालत नाही, हे वाक्य दारापर्यंत गेलं आणि कोरियन भाषेत होऊन परत आलं. याचाही संदर्भ द्यायला हवा होता. पाध्येबाईंनी आपला मोकळा हात माझ्या पाठीवर ठेवला. बाकीच्यांनीही ठेवला. माझे गुडघे फरशीला टेकले.

"बघितलंसा?" अण्णा हसून वहिनींना म्हणाले. "कुनी हात काढला का? उलट दोन-दोन लावल्यात. दमलाय त्यो, म्हनून काय बी बोलतोय."

"भावजी," वहिनींचा आवाज आला. त्या वाकल्या आणि त्यांचं तोंड मला उलटं दिसलं. "मला सांगा. खरं काय?"

"मी सांगितलं ते खरं, वहिनी. शुक्रवारची वेळ सोडू नका. यांना घेऊन जा."

"येवढी शिकल्याली मान्सं खोटी, आन् तू येकटा खरा व्हय?" अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात माया होती. लहानपणी मला ताप आला की ते असेच बोलायचे. "तुझ्या पाठीवर माझा हात न्हाई, आन् कोरियाच्या मान्साचा हाय. बरं दिसतं का ते?"

"अण्णा, मी हात जोडतो," मी म्हणालो, पण माझे हात शरीराखाली अडकले होते.

वहिनी उठल्या. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं आणि माझ्या डोळ्यांसमोरच्या फरशीवर माझ्या पाठीची सावली पडली होती, तिच्यावर दाटीने शेकडो हात. मधे पाध्येबाईंनी सरकून केलेली तळहाताएवढी जागा रिकामी होती. तिच्या वर अण्णांच्या हाताची सावली आली, सुजलेल्या बोटांची. तिच्या मनगटाला मागून वहिनींच्या बांगड्यांची सावली येऊन भिडली. एक सावली खाली ओढत होती, दुसरी मागे, आणि खालच्या रिकाम्या जागेत अजून ऊन होतं.