तिसऱ्या स्मरणाचा रविवार

शर्यतींच्या नव्या हंगामाचं वेळापत्रक जाहीर व्हायचं त्या संध्याकाळी हिसाएच्या उदोनच्या, म्हणजे रस्सा-शेवयांच्या, दुकानाचा दरवाजा लवकर ओढला जायचा. गिऱ्हाईक नको, फक्त मित्र. तिचा नवरा त्सुनेओ गेला, तरी ही रीत मोडायची कुणाची छाती झाली नाही. ओगिसो न्हावी आणि मिझुतानी पोस्टमन वेळेवर हजर. उकडलेल्या शेंगा सोलत, बिअरचे घोट घेत, दोघं मिझुतानीच्या फोनमध्ये डोकं घालून बसले होते. गाड्यांच्या शर्यतीपायी या माणसांनी आयुष्यात काय काय चुकवलं ते विचारूच नका. ओगिसो तर पोटच्या पोरीच्या लग्नातही घड्याळ बघत होता.

गावच्या ट्रॅकवर हे दोघं स्टँडमध्ये बसणारे. त्सुनेओची तऱ्हा निराळी. तो वळणावर, कुंपणाला खेटून, हातात इशाऱ्याचा झेंडा घेऊन उभा राहायचा. पै न घेता, नुसत्या हौसेपोटी, तीस वर्षं.

"आलं, आलं!" मिझुतानी ओरडला. "अरे देवा! आपली शर्यत ऑक्टोबरमधून उचलली की! एप्रिलमध्ये टाकली!"

"शुद्धीवर आहेस ना? चष्मा पूस आधी."

"मग तूच वाच की, म्हाताऱ्या."

ओगिसोने वाचलं आणि त्याचा चेहरा खुलला. "साकुरा फुललेला असेल रे! स्टँडमागची सगळी झाडं! बघायला त्सुनेओ हवा होता."

"तुझं बरं आहे. आमच्याकडे एप्रिल म्हणजे नवी पोरं भरती होणार, त्यांना गल्ल्या दाखवायच्या. मला कोण रजा देतंय?"

"आजारी पड."

"दरवर्षी पडतो. आता साहेब म्हणतो, यंदा फळं घेऊन घरी भेटायलाच येतो."

दोघं खो खो हसले. हिसाएने मात्र हातातली किटली खाली ठेवली. "एप्रिलचा कितवा रविवार?" तिने विचारलं.

"पहिला."

"त्या रविवारी यांचं तिसरं स्मरण आहे."

मिझुतानीच्या हातातली शेंग हातातच राहिली. ओगिसो बोटांवर हिशोब करू लागला. "वहिनी, काहीतरी घोळ होतोय. पहिलं वर्ष तर आत्ता या एप्रिलमध्ये झालं. पुढच्या वर्षी दुसरं येईल. तिसऱ्याला अवकाश आहे."

"दुसरं नसतंच, ओगिसोसान. माणूस गेला तेच पहिलं धरतात, मग वर्षाचं, म्हणून पुढच्या एप्रिलचं थेट तिसरं. आईवडिलांचं झालं तेव्हा कुठे होतात? ट्रॅकवरच असणार."

ओगिसोने मान खाली घातली. खरंच होतं ते.

"मग आठवडाभर पुढे ढकलू या," मिझुतानी म्हणाला. बोलू नये नेमकं तेच बोलला बिचारा.

"पुढे?" हिसाएचा आवाज चढला. "स्मरण अलीकडे आणता येतं, पलीकडे नेता येत नाही. गेलेल्या माणसाला ताटकळत ठेवायचं? आणि अलीकडे आणायचं तर मार्चअखेर, दीर बँकेतून हलू शकत नाही. तोच एक रविवार आहे."

बोलता बोलता हिसाएचं इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं बाहेर आलं.

"तीस वर्षं शर्यतीच्या रविवारी हा माणूस तुमचा होता. मी पहाटे उठून तुम्हा सगळ्यांना भाताचे गोळे वळून दिले. कधी तोंडातून ब्र काढला का? हा एक दिवस त्याचा आहे. तुम्ही नाही आलात तर मी, दीर आणि पुजारीबुवा. एवढा गोतावळा जमवून बसलेला माणूस, आणि त्याच्यासाठी रडायला तीन डोकी? नाही चालणार मला."

"येऊ, वहिनी," ओगिसो म्हणाला. मिझुतानीने नुसती मान डोलावली. बिअर अर्धी टाकून दोघं उठले.

तिचा विश्वास बसला नव्हता. शर्यतवेड्यांचा शब्द तो, तिच्याइतका कुणाला माहीत? पण एप्रिलच्या त्या रविवारी दुपारची जेवणं झाल्यावर टेकडीवरच्या बुद्धमंदिरात दोघंही आले. काळे कोट, काळे टाय, हातात जपमाळ. हिसाएला भरून आलं.

पुजारीबुवांनी सूत्रपाठ सुरू केला आणि थोड्याच वेळात टेकडीखालून गाड्यांचा आवाज उठला. बुवांनी सूर चढवला. ओगिसो डोळे मिटून बसला होता, पण गुडघ्यावरचा त्याचा अंगठा गाड्यांच्या प्रत्येक फेरीला हलत होता. हिसाएने ते पाहिलं आणि तिच्या अंगाची लाही लाही झाली. देह तेवढा इथे आणून बसवलाय मेल्याने!

आणि मग आवाज तुटला. एकदम. शर्यत संपायला अजून बराच अवकाश होता.

त्सुनेओ होता तेव्हा हा आवाज असा मध्येच तुटला की दुकानात पातेल्यासमोर उभ्या हिसाएचा हात जागच्या जागी थांबायचा. गाडी आदळली असणार. कुठल्या वळणावर? झेंडेवाल्यांपैकी कुणाला लागलं तर नाही ना? पाणी उतू जायचं, तरी तिला गॅस बंद करायचं सुचायचं नाही. इंजिनं पुन्हा सुरू झाली, की माणसं धड आहेत असं समजून ती श्वास सोडायची आणि कामाला लागायची. हे तिने त्सुनेओलाही कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर हसला असता.

ओगिसोचा अंगठा थांबला होता. मिझुतानी डोळे उघडून ट्रॅकच्या दिशेला बघत होता, चेहरा पांढराफटक. बुवांच्या लाकडी ढोलाचा तेवढा टक् टक् आवाज येत होता. हिसाएने हातातली जपमाळ घट्ट धरली.

बऱ्याच वेळाने खालून एक इंजिन गुरगुरलं. मग दुसरं, मग सगळीच.

हिसाएने श्वास सोडला. "बरा आहे," ती पुटपुटली. "बरा आहे तो."

आणि मग तिने समोर पाहिलं. काळ्या चौकटीत त्सुनेओचा फोटो होता, पुढे उदबत्ती जळत होती.

तिचं बोलणं शेजारी बसलेल्या ओगिसोने ऐकलं होतं. त्याने चटईवर कपाळ टेकवलं आणि तो थोराड म्हातारा लहान पोरासारखा हमसून हमसून रडू लागला.