कपाटातला काटा

मी एक जुना वायुदाबमापक आहे. नाव ऐकून दचकू नका, मित्रांनो. दचकण्याचे काम माझे आहे आणि ते मी एकटा पुरेसे करतो. दिसायला मी भिंतीवरच्या घड्याळासारखा आहे: गोल पितळी कडे, काच, आत आकड्यांची घरे, 'ऊन', 'पाऊस', 'वादळ' असे शब्द आणि एक काळा काटा. पण माझा काटा वेळ सांगत नाही. तुमच्या डोक्यावर जी हवा आहे तिचे ओझे किती, ते तो सांगतो. हे ओझे भराभर कमी होऊ लागले, काटा खाली घसरू लागला, की समजावे वादळवारा जवळ आला.

भीती मला जन्मापासूनच मिळाली. माझ्या कारागिराने पातळ धातूची एक चपटी डबी केली, तिच्यातली सगळी हवा काढून घेतली आणि तिचे तोंड कायमचे बंद केले. ती डबी म्हणजे माझे पोट. माणसे घाबरली की त्यांच्या पोटात गोळा येतो. माझ्या पोटात काहीच नाही, म्हणून बाहेर जरा खुट्ट झाले तरी मी चेपतो किंवा फुगतो. शेवटचा हात फिरवताना कारागीर आपल्या बायकोला म्हणाला होता, "हा भलताच भित्रा निघाला बघ. चांगला टिकेल."

मी आलो तो एका शाळेत. समुद्र तिथून दोन-तीन मैलांवर होता. पुढे जुनी दगडी इमारत, तिच्यात एक मोठे दालन, आणि मागे पत्र्याची लांबलचक शेड. शेडमध्ये लहान वर्ग बसत. मला सातवीच्या वर्गात खिळ्याला टांगले आणि विज्ञानाच्या बाईंनी मुलांना माझी ओळख करून दिली.

"हवेला वजन असतं," बाई म्हणाल्या.

"मग आपण चेपून कसे जात नाही?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

"आपल्या आतही हवा आहे, ती आतून रेटते. याच्या पोटात हवा नाही. म्हणून आपल्याला कळत नाही ते याला कळतं."

माझा काटा कधी कधी अडकतो. बाई रोज सकाळी नखाने काचेवर दोनदा टिचकी मारत, मग मुले आकडा वाचत आणि फळ्यावर लिहीत. ढग कसले, वारा कुठून, ऊन किती, सगळे त्याच्या शेजारी लिहिले जाई. "आकडा लिहाच," बाई सांगत, "पण कालपेक्षा किती सरकला ते आधी बघा. माणूस कुठे उभा आहे त्यापेक्षा तो कुठे निघालाय, ते बघावं." पाच-सहा वर्षे माझे दिवस असे मानाने गेले. पाहुणे आले की मला दाखवत. कौतुक झाले तरी मला धाकधूक वाटे. एक दिवस आपण चुकू, असे आतून सारखे वाटे.

आणि तो दिवस आला. एका सुट्टीत शिपाईकाका मला पुसत होते. माझ्या पाठीवर एक लहान स्क्रू आहे, काटा जागेवर बसवायचा. काकांना तो सैल वाटला. "ढिला झालाय बिचारा," म्हणत त्यांनी तो चाकूच्या टोकाने चांगला पिळला. माझा काटा धाडकन 'वादळ' या शब्दावर जाऊन बसला. मी ओरडून सांगणार तरी कसे?

दुसऱ्या दिवशी बाईंनी काटा पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या धावतच मुख्याध्यापकांकडे गेल्या. शाळा सोडली. आणि दिवसभर असे लख्ख ऊन पडले की लोकांनी दारात कपडे वाळत घातले! पुढे कितीतरी दिवस बाई रस्त्याने निघाल्या की कोणीतरी विचारी, "काय बाई, आज छत्री आणू का?" थोडा वारा सुटला तरी शिक्षकांच्या खोलीत हशा पिके. 'बाईंचे वादळ' अशी म्हणच पडली.

बाईंनी मला काढले आणि खडूच्या कपाटात ठेवले. रागावल्या नाहीत. नुसते दार लावले. त्यानंतर हवामानाचा पाठ त्यांनी पुस्तकातूनच शिकवला.

मित्रांनो, बंद कपाटातही हवा येते. दिसत काही नसले तरी बाहेरचे सगळे मला कळत होते, पण बघणारे कोणी नव्हते. याहून मोठी भीती मला ठाऊक नाही.

दोन वर्षांनी खडू आणायचे काम सातवीतल्या एका मुलीकडे आले. ती दिसेल ते लिहून ठेवी, म्हणून वर्गाने तिचे नाव 'वही' ठेवले होते. चिडवणारी मुले तिला 'वहिनी' म्हणत, ती तेही लिहून ठेवी. तिने मला पाहिले, टिचकी मारली आणि कपाटाच्या दाराला आतून खडूने आकडा लिहिला. दुसऱ्या दिवशी त्याखाली दुसरा. महिनाभरात दाराच्या आत आकड्यांची लांब रांग झाली. सगळे आकडे खोटे होते, स्क्रू पिळलेलाच होता. तरी मला कोणीतरी विचारत होते.

मग ती सकाळ उजाडली. आदल्या दुपारपासूनच माझे पोट फुगू लागले होते. आतली स्प्रिंग सैल पडत होती आणि काटा घसरत होता. आकाशात पातळ ढग होते आणि पान हलत नव्हते. वहीने पहिल्या तासाला आकडा लिहिला, मधल्या सुट्टीत पुन्हा लिहिला. जेवणाच्या सुट्टीत तिने टिचकी मारली तेव्हा माझा काटा आणखी दोन घरे खाली गेला. तिने रांग वरून खालपर्यंत वाचली, मला छातीशी धरले आणि पळत सुटली. तिचे काळीज धडधडत होते. ते माझ्या काचेला लागत होते.

बाई डबा उघडत होत्या. "ते ठेव परत," त्या पटकन म्हणाल्या. "तो आकडा खोटा आहे."

"खोटा आहे, बाई. पण खोटा आकडा रोज तेवढाच खोटा असतो ना? मग कालपासून अठरा घरं कसा उतरला?"

बाईंनी डबा बंद केला.

"माझी धाकटी बहीण शेडमध्ये बसते," वही म्हणाली.

मुख्याध्यापकांच्या खोलीत बाईंनी मला दोन्ही हातांनी धरले होते. त्यांची अंगठी माझ्या कड्यावर टकटक वाजत होती. मी भ्यालो होतो, आणि बाई माझ्याहून जास्त.

"पुन्हा तेच?" मुख्याध्यापक म्हणाले. "रेडिओवर सांगितलंय, वादळ उत्तरेला वळलं. मी शाळा सोडणार नाही."

"नका सोडू. मला हवामानाचा पाठ घ्यायचाय. सगळ्या वर्गांना दगडी दालनात बसू द्या. तासाभरापुरतं."

"पाठ असेल तर घ्या," ते म्हणाले.

मुले दालनात आली. मला फळ्याशेजारी टांगले. बाईंनी पाठ सुरू केला आणि अर्ध्या तासात खिडक्या आपटू लागल्या. मग जे आले ते वाऱ्यासारखे नव्हतेच, कोणीतरी इमारत खांद्याने ढकलते आहे असे वाटत होते. दारांना बाक लावले. बाई दर पाच मिनिटांनी आकडा मोठ्याने वाचायला लावत.

"बाई, आणखी खाली गेला तर?"

"तर लिहायचं," बाई म्हणाल्या.

शिपाईकाका दाराला पाठ लावून उभे होते. एकाएकी ते रडवेल्या आवाजात म्हणाले, "बाई, त्याच्या मागचा स्क्रू मीच पिळला होता. हसतील म्हणून बोललो नाही." बाईंना हसावे की रडावे कळेना. "काका, दार धरा," एवढेच त्या म्हणाल्या.

तेवढ्यात पहिलीची मोजदाद झाली. एक मुलगी कमी होती. वहीची बहीण.

वही दाराकडे धावली. मुख्याध्यापकांनी तिला मागे ओढले, एक बाक सरकवला आणि स्वतः बाहेर पडले. वहीने खडू हातात घेतला होता, पण आकडा लिहायला तिचा हात उठेना. पत्रे फाटल्याचा आवाज आला, लांब, किंचाळल्यासारखा. माझा काटा थरथरत होता आणि त्या वेळी मला हवेशी काही देणेघेणे नव्हते.

दारावर थाप पडली. मुख्याध्यापक आत आले. कपाळातून रक्त येत होते, एक हात लोंबत होता आणि दुसऱ्या हातात पोरगी होती. वादळ येणार हे कोणाकडून तरी ऐकून ती शेडमध्येच बाकाखाली कान झाकून बसली होती. त्यांनी तिला खाली ठेवताच शेडचे उरलेले छप्पर मैदानावरून उडत गेले.

"घाबरली होतीस?" त्यांनी विचारले.

तिने मान हलवली.

"मीपण," ते म्हणाले.

संध्याकाळी वारा पडला. फळ्यावरचे आकडे आधी थांबले, मग एकेक घर वर चढू लागले. प्रत्येक आकड्याला मुले टाळ्या वाजवत होती. शेड राहिली नव्हती, झाडे आडवी झाली होती, पण मोजदाद पुरी भरली होती.

मित्रांनो, आता मी त्या दालनातच असतो. माझा स्क्रू नीट बसवला आहे, आणि मी आजही घाबरतो. ढग आला तरी घाबरतो. तुमच्यातही असा एखादा भित्रा असेल. त्याला हसू नका आणि कपाटात ठेवू नका. त्याला आधी विचारा, तुला काय दिसले? कधीपासून? तो चुकेलही. तरी उद्या पुन्हा विचारा.

यंदा पहिलीत एक नवी मुलगी आली आहे. तिला अजून आकडे वाचता येत नाहीत. ती स्टुलावर चढते, हळूच टिचकी मारते, डोळे बारीक करून बघते आणि सांगते, "आज थोडासा खाली."

बाई तेवढेच फळ्यावर लिहितात.